कोल्हापुरात पतंग पाहण्यासाठी प्रकाश सापळा निवडताना

कोल्हापूर जिल्ह्यात ‘प्रकाश सापळा’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रात्री उडणारे पतंग येत नाहीत, उसाची मुळे खाणारी हुमणी येते. वळवाचे पहिले पाऊस झाले की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुनिंबावर आणि बाभळीवर जमू लागतात. त्या दिवसांत उसाच्या बांधावर दिवा टांगून त्याखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याची पाटी ठेवणे हा आपल्याकडचा रूढ उपाय आहे. दिव्याकडे आलेला भुंगेरा पाण्यात पडून मरतो आणि सापळ्याचे काम तिथेच संपते. पतंग पाहणाऱ्याचे काम मात्र त्यानंतर सुरू होते. त्याला तो जीव जिवंत हवा असतो, पंखांवरची खवल्यांची भुकटी शाबूत हवी असते, सकाळी नीट छायाचित्र घेऊन, ओळख पटवून त्याला सोडून द्यायचे असते. म्हणून शेतीसाठी तयार मिळणारे सापळे स्वस्त असले तरी आपल्या उपयोगाचे नसतात, आणि बहुतेकांना आपला सापळा स्वतःच करून घ्यावा लागतो.

दिव्याखाली बसवायचे, पतंगांना खालच्या बादलीत उतरवणारे पत्र्याचे नरसाळे करून घ्यायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो होतो, तेव्हा कारागिराने कागदावरचे चित्र पाहून विचारले, “हुमणीसाठीच न्हवं? मग पाण्याची पाटी कुठं बसवायची?” पाणी नको, खाली अंड्यांचे ट्रे ठेवायचे आहेत, असे सांगितल्यावर त्याने पुढे काहीच विचारले नाही. नरसाळे मात्र उत्तम केले.

या विषयात नवे आलेले लोक सगळ्यात आधी दिव्याचे वॉट विचारतात. माझे मत असे आहे की वॉटला आपण फाजील महत्त्व देतो, आणि ज्या पेटीत किंवा कापडावर पतंग उतरणार आहेत तिच्याकडे जवळजवळ लक्षच देत नाही. खूण करून सोडलेल्या पतंगांवर युरोपात जे प्रयोग झाले, त्यांत दिव्याची परिणामकारक ओढ काही दहा-वीस-तीस मीटरपुरतीच असल्याचे दिसून आले आहे. मोठा दिवा लावला की राधानगरीच्या जंगलातले पतंग शहरातल्या गच्चीवर येतील, अशी कल्पना कोणी करत असेल तर ती सोडून द्यावी. दिव्याजवळ तेच येतात जे त्या परिसरात आधीपासून उडत असतात. सापळ्याने करायचे ते एवढेच, की त्यांपैकी जास्तीत जास्त पतंगांना शांतपणे बसायला जागा द्यायची.

पतंग दिव्याकडे का येतात याचे उत्तर अलीकडे बरेच स्पष्ट झाले आहे, आणि सापळा बांधणाऱ्याला ते ठाऊक असणे उपयोगाचे आहे. २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उडणाऱ्या कीटकांच्या हालचाली अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्या होत्या. त्यातून असे दिसले की कीटक दिव्याकडे सरळ झेप घेत नाहीत, तर आपली पाठ दिव्याकडे वळवतात. कोट्यवधी वर्षे रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाशाची बाजू, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की तोल आपोआप राखला जात असे. जवळच्या कृत्रिम दिव्यापाशी हीच सवय त्यांना घेरते: दिवा बाजूला असेल तर ते त्याच्याभोवती फेऱ्या मारत राहतात, दिव्याखालून जात असतील तर वर चढता चढता वेग मंदावून थबकतात, आणि दिवा जमिनीवरून वर रोखलेला असेल तर चक्क उलटे होऊन खाली कोसळतात. त्याच अभ्यासात डोक्यावर पांढऱ्या कापडाचे उजळलेले छत ताणले, तेव्हा कीटक त्याखालून सरळ उडत गेले. ट्यूबभोवती उभी पाती का लावायची, याचे कारण यात आहे: घिरट्या घालणारा पतंग पात्याला धडकतो, क्षणभर पंख मिटतो आणि खालच्या नरसाळ्यात घसरतो. अशी अडथळ्याची पाती लावण्याची पद्धत अर्थातच या संशोधनाहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉबिन्सन बंधूंनी १९५० साली पाऱ्याच्या दिव्याचा जो गोल सापळा वर्णन केला, त्यात ती होतीच, आणि १९६५ मध्ये जॉन हीथ यांनी सहज उचलून नेता येईल असा जो छोटा सापळा मांडला, त्याच्याच घराण्यातले आजचे बहुतेक बादलीचे सापळे आहेत.

आता दिव्याबद्दल. पतंगांच्या डोळ्यांना अतिनील (यूव्ही), निळा आणि हिरवा प्रकाश चांगला जाणवतो, आणि त्यातही अतिनील भाग त्यांना विशेष ओढून घेतो. म्हणून पिवळसर बल्बपेक्षा साधारण ३६५ नॅनोमीटर लहरलांबीच्या आसपास जोर असलेला दिवा हवा. भारतातले पतंगप्रेमी वर्षानुवर्षे १६० वॉटचा पाऱ्याचा दिवा वापरत आले, कारण त्याला वेगळा चोक लागत नाही आणि तो साध्या स्क्रूच्या होल्डरमध्ये बसतो. त्याचा पांढऱ्या कापडाच्या पडद्यावरचा प्रभाव मोठा असतो हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो भयंकर तापतो, आणि तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी ती तडकू शकते. बाहेरची काच फुटूनही आतली नळी जळत राहिली, तर तिच्यातून निघणारे किरण डोळ्यांना आणि त्वचेला खरोखर घातक असतात. शिवाय वीज क्षणभर गेली तरी तो लगेच पेटत नाही, थंड होईपर्यंत काही मिनिटे थांबावेच लागते. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे वीज किती वेळा ये-जा करते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा करारामुळे सामान्य उजेडासाठीचे असे दिवे बनवणेच बंद होत चालले आहे, त्यामुळे आज नवा सापळा बांधणाऱ्याने या दिव्याच्या भरवशावर राहू नये.

याला एक सोपा पर्याय आपल्या रोजच्या पाहण्यातला आहे, फक्त त्याकडे आपण त्या नजरेने पाहत नाही. मिठाईच्या दुकानांत आणि हॉटेलांत भिंतीवर माश्या मारण्याचे जे यंत्र लावलेले असते, त्यातली निळसर ट्यूब नेमकी याच लहरीची असते. तिच्या सुट्या ट्यूब विद्युत सामानाच्या दुकानात मिळतात. यंत्राचा विजेचा पिंजरा आपल्याला नको, फक्त ट्यूब, होल्डर आणि चोक हवा. ८ वॉटची फूटभर लांबीची किंवा १५ वॉटची दीड फुटी ट्यूब घरच्या सापळ्याला पुरेशी होते. तिच्यातही काळ्या-जांभळ्या काचेचा एक प्रकार असतो, ज्यातून डोळ्यांना दिसणारा उजेड फारच कमी बाहेर पडतो. शेजाऱ्यांच्या खिडक्या जवळ असतील तर तोच घ्यावा.

दुकानात मागणी करताना मात्र एक काळजी घेणे अत्यावश्यक आहे. नुसते ‘यूव्ही ट्यूब द्या’ म्हटले तर बऱ्याचदा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली ट्यूब हातात ठेवली जाते. ती पारदर्शक काचेची असते, २५४ नॅनोमीटरचे जंतुनाशक किरण सोडते, आणि तिच्या उघड्या प्रकाशात थोडा वेळ उभे राहिले तरी डोळे आणि कातडी भाजू शकते. पारदर्शक काचेची ट्यूब कोणत्याही कारणास्तव घेऊ नये. योग्य ट्यूबची काच दुधाळ पांढरी असते किंवा गडद जांभळी असते. हाच घोळ एलईडीच्या बाबतीत वेगळ्या तऱ्हेने होतो. स्वस्त जांभळ्या पट्ट्या बहुधा ३९५ ते ४०५ नॅनोमीटरच्या असतात, डोळ्यांना त्या भरपूर जांभळ्या दिसतात म्हणून आपल्याला त्या जोरदार वाटतात, पण ज्या भागात पतंगांना रस असतो तो भाग त्यांत कमी असतो. खऱ्या ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीचा उजेड आपल्याला उलट फिकाच वाटतो. जर्मनीतल्या येना येथील गुन्नार ब्रेम यांनी २०१७ साली अतिनील, निळा, हिरवा आणि पांढरा अशा एलईडींचे मिश्रण असलेला एक हलका दिवा मांडला, जो पॉवर बँकेवर चालतो. तो परदेशातून मागवणे महाग पडते, पण त्यामागचा विचार घेऊन ३६५ च्या एलईडी आपल्याकडेही जोडता येतात, फक्त त्यांच्यामागे उष्णता शोषणारी ॲल्युमिनियमची पट्टी लावायला हवी.

विजेचा हिशोब आधी मांडून ठेवलेला बरा. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी केली तर ती लवकर मरते, म्हणून वापरायचे ४२. इन्व्हर्टरची घट धरून ८ वॉटची ट्यूब सुमारे १० वॉट ओढते, म्हणजे चार तास. रात्रभर सापळा चालवायचा असेल तर याहून मोठी बॅटरी घ्यावी लागेल. याउलट २०,००० मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेत साधारण ७४ वॉट-तास असतात आणि पाच वॉटचा एलईडी त्यावर पहाटेपर्यंत आरामात चालतो. गच्चीवर घरच्या विजेची वायर ओढायची असेल तर गळती झाली की वीज तोडणारा स्विच असल्याखेरीज ओढू नये, कारण दव, ओला पत्रा आणि २३० व्होल्ट हे एकत्र येऊ देण्यासारखे नाहीत.

आता पेटी. मी झाकणाची मोठी, अपारदर्शक प्लॅस्टिकची बादली पसंत करतो, कारण सकाळचे ऊन आत शिरत नाही. बादलीच्या तोंडात बसेल एवढे नरसाळे, त्याची आतली बाजू गुळगुळीत, उतार चांगला तीव्र, आणि खालचे तोंड साधारण दोन इंचांचे. या तोंडाच्या मापावर बरेच काही अवलंबून असते. ते लहान ठेवले तर मोठे पतंग नरसाळ्यातच अडकून पंख झाडत राहतात, आणि मोठे ठेवले तर आत गेलेले सहज बाहेर पडतात. पत्र्याच्या जोडावरचा डाग आतून घासून घेतला नसेल तर पतंगांचे पाय नेमके तिथेच अडकतात आणि ते त्या आधाराने पुन्हा वर चढून येतात. उद्यमनगरच्या त्या कारागिराने आपण होऊन तो जोड बाहेरच्या बाजूला घेतला होता. नरसाळ्यावर ट्यूबभोवती तीन पारदर्शक पाती उभी करायची आणि सर्वांत वर पावसापासून आडोसा म्हणून नरसाळ्याहून थोडे मोठे झाकण ठेवायचे. ट्यूबला संरक्षण म्हणून पॉलिकार्बोनेटची नळी मात्र घालू नये, कारण ती बरोबर आपल्याला हवे तेच किरण अडवते. बादलीच्या तळाला भोके पाडून त्यांवर बारीक जाळी लावली की आत आलेले पाणी निघून जाते.

आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे-आडवे रचायचे. पतंगांना अंगाला लागून असलेली अंधारी खोबण मिळाली की ते तिथे शिरून निवांत होतात, आणि एकमेकांच्या अंगावर पडून पंख खराब करून घेत नाहीत. ट्रे जेवढे जास्त, तेवढी सकाळची स्थिती चांगली. सापळ्यात काहीही औषध, कापूर किंवा डांबरगोळ्या टाकण्याची आवश्यकता नाही.

बादलीच्या सापळ्याला एक मर्यादा आहे. ॲटलास पतंगासारखे, पंख उघडल्यावर वीतभराहून मोठे होणारे जीव त्यात जाऊच शकत नाहीत आणि गेले तर त्यांचे हाल होतात. घाटाच्या बाजूला, गगनबावडा किंवा आंबा परिसरात कोणाच्या घराच्या आवारात बसायचे असेल तर पडदाच बरा. दोन बांबूंमध्ये ताणलेले पांढरे सुती कापड, समोर दिवा, आणि कापडाचा खालचा भाग जमिनीवर पुढे पसरलेला, कारण बरेच पतंग पडद्यावर न बसता पायथ्याशी उतरतात आणि पायाखाली जातात. कापड नवे झळझळीत पांढरे असेल किंवा ‘शुभ्रता’ देणाऱ्या पावडरीने धुतलेले असेल तर दिव्यासमोर ते निळसर चमकू लागते. डोळ्यांना ते छान दिसते, पण प्रत्यक्षात ते अतिनील किरण शोषून त्यांचा साधा निळा उजेड करत असते. जुने धुवट धोतर यापेक्षा चांगले काम देते. पडद्याचा खरा फायदा असा की चार माणसे सोबत बसून पाहू शकतात, मुलांना जागेवर दाखवता येते, आणि ज्याची ओळख पटली त्याला तिथल्या तिथे मोकळे ठेवता येते. तोटा असा की रात्रभर जागावे लागते. संध्याकाळनंतरच्या पहिल्या दोन तासांत लहान पतंगांची गर्दी होते, पण काही मोठे पतंग मध्यरात्र उलटल्यावरच येतात, आणि तोवर आपण आवरून घरी आलेलो असतो.

ऋतू आणि रात्र निवडणे हे दिवा निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ढगाळ, दमट, उबदार आणि वारा पडलेली रात्र सर्वांत चांगली, आणि पौर्णिमेच्या आसपास दिव्यावरची संख्या स्पष्टपणे घटते. त्यामुळे आम्हा लोकांचे बरेचसे उद्योग अमावस्येच्या सुमारास चालतात. अमावस्येला रात्री अंगणात पांढरे कापड टांगून जांभळा दिवा लावून बसलेल्या माणसाला गल्लीत काय समजले जाते, हे अनुभवानेच कळते. आदल्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगून ठेवावे, हा माझा सल्ला आहे. वळवाच्या पहिल्या पावसानंतरची रात्र मोहक वाटते, पण त्या रात्री पंख फुटलेल्या वाळव्या इतक्या येतात की पडदा दिसेनासा होतो. जुलैतला इथला पाऊस सापळ्याला मुळीच मानवत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडीप मिळू लागते, झाडोरा भरलेला असतो, आणि माझ्या पाहण्यात तोच काळ सर्वांत समृद्ध आहे.

शहरात जागा शोधताना रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांपासून आडोसा हवा. कळंब्याच्या बाजूला, पंचगंगेच्या काठाच्या मळ्यांलगत किंवा कात्यायनीच्या डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची घरे आहेत त्यांना हे सोपे जाते. कोल्हापूरच्या आसपास पिकेच जास्त असल्यामुळे सुरुवातीला येणाऱ्यांत घाटेअळीचे आणि लष्करी अळीचे पतंग बरेच असतात, हे गृहीत धरावे. त्यांच्याबरोबर उंबर-पिंपळावर वाढणारे नारिंगी पोटाचे पतंग आणि एरंडीवरच्या उंटअळीचे पतंगही येतात. अभयारण्यात किंवा राखीव वनात दिवा लावायचा असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ‘फक्त बघायला’ हे कारण तिथे चालत नाही.

एक विषयांतर करतो, कारण ते आपल्या जिल्ह्यात फार सोयीचे आहे. काही पतंग दिव्याकडे फारसे येत नाहीत. फळांचा रस शोषणारे, मागच्या पंखांवर नारिंगी-काळे पट्टे असलेले मोठे पतंग त्यांपैकी आहेत. त्यांच्यासाठी झाडाच्या बुंध्यावर गोड, आंबूस मिश्रण लावण्याची जुनी पद्धत आहे. गुऱ्हाळावरून आणलेली काकवी, त्यात कुस्करलेले जास्त पिकलेले केळे, आणि दोन दिवस झाकून आंबवलेले हे मिश्रण अंधार पडताना ब्रशने बुंध्यावर हातभर पट्ट्यात लावायचे आणि तासाभराने लाल कागद लावलेल्या विजेरीने पाहायचे. मुंग्या आधी येतात. तरी घुबडाच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेला मोठा करडा पतंग त्या पट्ट्यावर सोंड रोवून बसलेला दिसला की दिव्याचा सगळा खर्च क्षणभर व्यर्थ वाटतो.

सकाळचे काम उजाडण्याआधीच करायचे असते. कोतवाल, दयाळ आणि बुलबुल यांना सापळ्याची जागा फार लवकर कळते, आणि रात्री बाहेर भिंतीवर बसलेले पतंग ते टिपून नेतात. म्हणून आधी भिंत, झाकण आणि पाती पाहायची, मग नरसाळे उचलायचे. ट्रे एकेक करून हळूच उलटा करायचा. कण्हेरीवर वाढणारा हिरवा-गुलाबी पतंग अशा ट्रेच्या खळग्यात बसलेला असला तर संगमरवरी नक्षीचे पंख आणि जाडसर अंग सहज दिसते. त्याच्या पुढच्या पायांसमोर बोट ठेवले की तो बोटावर चढतो, पण लगेच उडत नाही. आधी पंख जागच्या जागी थरथरवू लागतो. ती थरथर भीतीची नसते. उडण्याचे स्नायू पुरेसे तापल्याखेरीज एवढे जड शरीर हवेत उचलले जात नाही, म्हणून तो मिनिट-दोन मिनिटे इंजिन गरम करत असतो. छायाचित्र घ्यायचे ते या थरथरीच्या आधी. अंगावर लाल-काळे पट्टे असलेला मुंगीसारखा बारीक भुंगेरा हातावर चढला तर मात्र चिरडू नये, फुंकून उडवावा, कारण त्याच्या रसाने कातडीवर फोड येतात.

सोडताना ट्रे तसेच दाट झुडपाच्या सावलीत, मुंग्या नसलेल्या जागी ठेवून द्यावेत. अंधार पडला की पतंग आपापले निघून जातात. त्याच जागी लागोपाठ रोज दिवा लावू नये, कारण जी मादी रात्रभर बादलीत बसली तिची अंडी घालण्याची रात्र वाया गेलेली असते आणि पतंगांच्या प्रौढ आयुष्यात अशा रात्री थोड्याच असतात. मी दोन बैठकांमध्ये किमान आठवड्याचे अंतर ठेवतो.

नोंद करताना जातीच्या नावाइतकेच दिव्याचा प्रकार, वॉट, लावण्याची आणि बंद करण्याची वेळ, ढग, वारा आणि तिथी लिहून ठेवावी. भारतात पतंगांच्या १० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि कोल्हापूरच्या सपाटीवरच्या गावांतून आलेल्या नोंदी अजून विरळ आहेत, त्यामुळे आयनॅचरॅलिस्ट किंवा मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर चढवलेले साधे छायाचित्रही तज्ज्ञांच्या उपयोगी पडते. दरवर्षी जुलैअखेरीस राष्ट्रीय पतंग सप्ताहाच्या निमित्ताने देशभर असे दिवे लागतात, पण त्या आठवड्यात आपल्याकडे मुसळधार पाऊस असतो. ज्यांना नवा सापळा बांधून पाहायचा आहे त्यांनी पत्रा, ट्यूब आणि बादली गणपतीच्या आधी जमवून ठेवावी, म्हणजे पहिली उघडीप हातची जाणार नाही.